शाळा कंपनीच्या हाती देण्यापूर्वी: बडोद्यातील शाळांच्या विश्वस्त मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सन्माननीय विश्वस्त,
बडोदे शहरातील खासगी शाळा चालवणारी विश्वस्त मंडळे

सप्रेम नमस्कार.

शाळा चालवणाऱ्या कंपन्यांचे प्रस्ताव आपल्यापैकी काही मंडळांकडे आले आहेत आणि काहींशी बोलणी सुरू आहेत, असे गेले काही महिने शहरात ऐकू येत आहे. माझी मुलगी ज्या शाळेत शिकते, ती शाळा काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रस्तावातून कंपनीच्या हाती गेली. त्या शाळेचे किंवा कंपनीचे नाव मी येथे घेत नाही, कारण हे पत्र त्यांच्याविरुद्धची तक्रार नाही. तक्रार जिथे करायची तिथे आम्ही पालकांनी केलेली आहे. हे पत्र ज्यांनी अजून सही केलेली नाही त्यांच्यासाठी आहे.

पालकांना अशा व्यवहाराची बातमी लागते तेव्हा तो पुरा झालेला असतो. फी वाढली की आम्ही फी नियमन समितीकडे जातो, चांगले शिक्षक एकामागून एक निघून गेले की जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज देतो, आणि दोन्हीकडे आमचे म्हणणे ऐकून घेतले जाते. पण ज्या निर्णयामुळे हे सारे घडते तो निर्णय आपल्या सभेत, आपल्या इतिवृत्तात झालेला असतो, आणि तो मागे फिरवण्याचा मार्ग त्यानंतर कुणाकडेच फारसा उरत नाही. म्हणून सरकारला लिहिण्याआधी आपल्याला लिहावे असे आम्हाला वाटले.

कायद्याने शाळा विकता येत नाही, हे आपण जाणताच. शाळा चालवणारी संस्था ना-नफा असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने २००२ साली टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात सांगितले की खासगी शिक्षणसंस्थेला विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवता येईल, परंतु नफेखोरी करता येणार नाही. २०२२ साली न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या निकालात त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की प्राप्तिकरातून सूट मागणाऱ्या संस्थेचा हेतू केवळ शिक्षण हाच असला पाहिजे आणि त्यात नफ्याचा हेतू मिसळता कामा नये. कागदावर इतका स्पष्ट नियम असताना शाळा कंपनीकडे जाते कशी, हे समजून घ्यायला आम्हा पालकांना बराच काळ लागला.

ती जाते अशी. विश्वस्त मंडळ तेच राहते, नोंदणी क्रमांकही तोच राहतो, फक्त माणसे बदलतात. जुने विश्वस्त टप्प्याटप्प्याने राजीनामे देतात, त्यांच्या जागी कंपनीने सुचवलेली नावे येतात, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल होतो. कार्यालयाच्या दृष्टीने ही विश्वस्त बदलल्याची नेहमीची नोंद असते, आणि शाळेची मालकी बदलली असे त्यात कुठेही लिहिलेले नसते. त्यानंतर नवे विश्वस्त आणि कंपनी यांच्यात करार होतात, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना प्रत्यक्षात एकाच पक्षाची माणसे बसलेली असतात. या करारांतूनच पैसा शाळेबाहेर जाण्याच्या वाटा तयार होतात.

पहिली वाट इमारतीच्या भाड्याची. जमीन आणि इमारत जर एखाद्या कंपनीच्या नावावर असेल किंवा तिच्या नावावर गेली, तर शाळा आपल्याच इमारतीत भाडेकरू होते. दुसरी वाट व्यवस्थापन शुल्काची: अभ्यासक्रमाची आखणी, शिक्षकांचे प्रशिक्षण, संगणक प्रणाली, जाहिरात, मनुष्यबळ अशा सेवांपोटी कंपनी विश्वस्त मंडळाकडून रक्कम घेते, आणि बहुतेक वेळा ती एकूण फीच्या टक्केवारीत ठरलेली असते. तिसरी वाट नाव वापरण्याच्या मोबदल्याची. पुस्तके, गणवेश, बस, ॲप यांचा पुरवठा ठरावीक भगिनी कंपन्यांकडून घेणे ही चौथी. यातला प्रत्येक व्यवहार सुटा पाहिला तर साधा व्यावसायिक करार दिसतो. सगळे एकत्र मांडले की लक्षात येते की शाळेला नफा होत नाही, आणि नफा ज्याला व्हायचा त्याला तो होतोच.

यात आणखी एक खर्च असा आहे की ज्याचा उल्लेख प्रस्तावाच्या चकचकीत सादरीकरणात कुणी करत नाही. शाळेच्या फीवर जीएसटी नाही. परंतु कंपनी शाळेला देते त्या व्यवस्थापन सेवेवर आणि इमारतीच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि फी करमुक्त असल्यामुळे शाळेला त्याची वजावट मिळत नाही. म्हणजे जे काम काल मुख्याध्यापक आणि कार्यालयातील दोन कारकून करत होते, तेच काम कंपनीकडून विकत घेतल्याबरोबर त्यावर करही चढतो, आणि तो शेवटी पालकच भरतो.

आमच्या गटात दोन सनदी लेखापाल आहेत. त्यांच्यापैकी एकाने कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून संबंधित कंपनीची कागदपत्रे काढली. विश्वस्त मंडळाचा जमाखर्च जेमतेम जुळतो, आणि कंपनीच्या ताळेबंदात त्याच शाळेकडून आलेले सेवाशुल्क उत्पन्न म्हणून दिसते, असे ते दोन कागद शेजारी ठेवल्यावर आम्हा सर्वांना एकदम दिसले. यात बेकायदा काही आहे असे मी म्हणत नाही. ते ठरवणे आयकर खात्याचे आणि न्यायालयाचे काम आहे. परंतु पालक म्हणून आम्ही दर तिमाहीला जी फी भरतो तिचा किती भाग वर्गापर्यंत पोहोचतो हे विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

गुजरातमध्ये फीवर नियंत्रण ठेवणारा कायदा आहे ना, असे आपण म्हणाल. आहे, आणि २०१७ चा तो कायदा झाला तेव्हा आम्ही त्याचे मनापासून स्वागत केले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरात उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. अहमदाबाद, सुरत, राजकोट यांच्याप्रमाणे आपल्या बडोद्यातही विभागीय समिती आहे. प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला १५,००० रुपयांहून अधिक फी घ्यायची असेल तर शाळेने समितीकडे हिशेबासह प्रस्ताव द्यावा लागतो. पण समितीसमोर येतो तो विश्वस्त मंडळाचा हिशेब. त्या हिशेबात भाडे आणि व्यवस्थापन शुल्क हे खर्च म्हणून मांडलेले असतात, त्यांच्या पावत्या असतात, त्यावर कर भरलेला असतो. जितके भाडे अधिक, तितका खर्च अधिक, आणि जितका खर्च अधिक तितकी फीवाढ समर्थनीय, असा हा हिशेब चालतो. भाडे घेणारा आणि देणारा यांचा संबंध काय, हा प्रश्न समितीने विचारला पाहिजे, आणि तसे निवेदन आम्ही समितीला देणारच आहोत. तोपर्यंत तो प्रश्न स्वतःला विचारणे आपल्याला शक्य आहे.

फीबद्दल इतके लिहिले म्हणून आमची काळजी केवळ पैशाची आहे असा समज कृपया करून घेऊ नये. माझ्या मुलीच्या शाळेत दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून वाचनालय होते. लाकडी कपाटे, खिडकीखाली लांब बाक, आणि आठवड्यातून एक तास प्रत्येक वर्गाला तिथे बसून वाचायला मिळत असे. आता त्या खोलीत प्रवेश समुपदेशन कक्ष आहे. काचेचे दार, दोन सोफे, भिंतीवर शाळेची जाहिरात दाखवणारा पडदा. पुस्तके तळमजल्यावरच्या एका बंद खोलीत गेली, आणि वाचनाचा तास वेळापत्रकात डिजिटल लर्निंग या नावाने शिल्लक आहे. शाळेने वाचनालय बंद केलेले नाही, असे आम्हाला लेखी उत्तर मिळाले आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात काम करणाऱ्या एका पालकाची नोकरी गेली. पूर्वीच्या मुख्याध्यापिका असत्या तर त्यांना कार्यालयात बोलावून, एका कागदावर हप्ते लिहून घेऊन त्यांनी विषय मिटवला असता. अशी कितीतरी कुटुंबे त्यांनी सांभाळून घेतल्याचे आम्ही पाहिले आहे. आताचे मुख्याध्यापकही वाईट गृहस्थ नाहीत. पण त्यांना तो अधिकारच नाही. फी थकली की ॲप आपोआप त्या मुलाचा निकाल अडवून धरते, आणि ते उघडण्याची परवानगी दुसऱ्या शहरातल्या कार्यालयातून येते. सहावीतल्या त्या मुलाने वर्गात इतरांचे निकाल पाहिले, आणि स्वतःच्या नावापुढे लाल अक्षरांत फी बाकी असल्याची सूचना पाहिली. मुख्याध्यापक हळहळले, आणि वर विचारतो असे म्हणाले. परवानगी यायला जवळजवळ एक महिना लागला.

शिक्षकांबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यांचे म्हणणे त्यांनीच मांडणे योग्य. नवे शिक्षक विश्वस्त मंडळाऐवजी कंपनीच्या किंवा तिच्या ठेकेदाराच्या वेतनपटावर, अकरा महिन्यांच्या कराराने घेतले जातात. माझ्या मुलीला दोन वर्षांत गणिताचे चार शिक्षक झाले.

आता आपल्या अडचणींविषयी. त्या खऱ्या आहेत, आणि त्या नाकारून आपल्याशी बोलणे अन्यायाचे होईल. बऱ्याच मंडळांतले विश्वस्त सत्तरी ओलांडलेले आहेत, पुढची पिढी पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात स्थायिक झाली आहे, आणि रोजची शाळा चालवायला माणूस नाही. करोनाच्या वर्षी राज्य सरकारने फीत २५ टक्के सवलत द्यायला लावली, तेव्हा अनेक शाळांनी पगारासाठी ठेवी मोडल्या. शिक्षणहक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांपोटी मिळणारा परतावा पुरत नाही, ही तक्रारही आम्ही आपल्याकडून ऐकली आहे. कंपनीचा माणूस येतो तेव्हा तो या सगळ्या प्रश्नांवर एकच उत्तर घेऊन येतो, आणि थकलेल्या माणसाला ते उत्तर पटावे यात नवल नाही. प्रत्येक कंपनी वाईट असते आणि प्रत्येक विश्वस्त मंडळ निःस्वार्थी असते, असेही आमचे म्हणणे नाही. एकाच कुटुंबाच्या मुठीत असलेली, हिशेब न दाखवणारी मंडळेही याच शहरात आम्ही पाहिली आहेत.

तरीही दोन्हींत एक मूलभूत फरक आहे, आणि तो काळाचा आहे. ज्युनियर केजीत आलेले मूल बारावीपर्यंत चौदा वर्षे शाळेत असते. कंपनीमागे गुंतवणूक निधी असेल तर त्याचे गणित साधारण पाच ते सात वर्षांचे असते: घ्यायचे, वाढवायचे, आणि अधिक किमतीला पुढच्याला द्यायचे. यात लपवण्यासारखे काही नाही, हा त्यांचा उघड धंदा आहे. अमेरिकेतील केकेआर या निधीने २०१९ साली आपल्याकडील युरोकिड्स घेतली. जगभर शाळा चालवणारी नॉर्ड अँग्लिया ही कंपनी, जिने त्याच वर्षी भारतातील ओकरिज शाळा घेतल्या, ती २०२४ साली स्वतःच साडेचौदा अब्ज डॉलर मूल्याने गुंतवणूकदारांच्या एका गटाकडे देण्याचा करार झाला. आज ज्या माणसाशी आपण हस्तांदोलन कराल, त्याच्या शब्दाची किंमत तो तिथे असेपर्यंतच आहे. सहा वर्षांनी आपली शाळा कुणाकडे असेल, हे त्यालाही सांगता येणार नाही.

स्वीडनचा अनुभव यासाठी पाहण्यासारखा आहे. तिथे १९९२ च्या सुधारणेनंतर खासगी शाळांना सरकारी पैसा मिळू लागला आणि त्यातून नफा काढण्याचीही मुभा राहिली. जेबी एज्युकेशन ही तिथली मोठी शाळाकंपनी २००८ साली ॲक्सेल या डॅनिश गुंतवणूक निधीने घेतली. विद्यार्थी कमी झाले, तोटा वाढला, आणि २०१३ साली निधीने हात काढून घेतला. दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळांचे काय होणार हा प्रश्न एकाएकी उभा राहिला. काही शाळा दुसऱ्यांनी घेतल्या, काही बंद झाल्या. कायदे कडक आणि प्रशासन सक्षम असलेल्या देशात हे घडले. चिलीने तर अनेक वर्षांच्या विद्यार्थी आंदोलनांनंतर २०१५ साली कायदाच केला की सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांना नफा काढता येणार नाही. त्या देशांत पैसा सरकारचा होता आणि आपल्याकडे तो पालकांचा आहे, हा फरक मला मान्य आहे. पण मालकाने मध्येच पाठ फिरवली तर मुलांचे वर्ष वाया जाते, ते तिथेही आणि इथेही सारखेच.

आपल्या शाळांच्या जमिनी आणि इमारती कशा उभ्या राहिल्या हे आपल्याला आमच्याहून अधिक ठाऊक आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या संस्थांच्या प्रवेशद्वाराशी संगमरवरी पाट्या आहेत: कुणाच्या स्मरणार्थ पाचशे एक, कुणा विधवेने दागिने मोडून दिलेले दोन हजार, कुण्या पेढीने दिलेला एक वर्ग. ज्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि ज्याचा दाखला गोपाळ कृष्ण गोखले यांनी ब्रिटिश सरकारपुढे ठेवला, त्याच राज्यातल्या साध्या माणसांनी या देणग्या दिल्या. त्यांनी त्या शाळेला दिल्या, विश्वस्तांच्या सध्याच्या यादीला नव्हे. म्हणूनच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ ने विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकायला, किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीची अट घालून दिलेली आहे. ती परवानगी मागताना आपण जो अर्ज कराल, त्यात संस्थेचे हित कशात आहे ते आपल्यालाच लिहावे लागणार आहे.

आमची पहिली विनंती अशी की कोणताही ठराव करण्यापूर्वी प्रस्तावाचा मसुदा पालक आणि शिक्षक यांच्यासमोर ठेवावा. गुप्ततेच्या अटीवर सही केल्याशिवाय बोलणी करणार नाही असे कंपनी म्हणत असेल, तर त्याच अटीवर आपण थांबावे. दुसरी विनंती, कंपनीखेरीजचे पर्याय आधी तपासावेत. माजी विद्यार्थ्यांपैकी चाळिशी-पन्नाशीतील माणसांना विश्वस्त म्हणून घेणे, शहरातील दुसऱ्या जुन्या संस्थेशी विलीनीकरण करणे, पगारी व्यवस्थापक नेमणे, हे उपाय मंद आहेत आणि त्यांत सादरीकरणाची झळाळी नाही, पण त्यांत शाळा शाळेचीच राहते. यासाठी पालकांनी काही वर्षे ठरावीक, जाहीर आणि जिचा हिशेब दिला जाईल अशी अधिक फी भरावी लागली तर आम्ही ती भरायला तयार आहोत, हे मी माझ्यासोबतच्या पालकांना विचारून लिहीत आहे.

आणि सगळे पाहूनही कंपनीशी करार करणे भागच पडले, तर जमीन व इमारत कोणत्याही रूपाने कंपनीकडे जाऊ देऊ नये, एवढी एक अट तरी कृपया कधीही सोडू नये. बाकी काही बिघडले तरी ते जमीन हातात असेपर्यंत दुरुस्त करता येते. मोबदला फीच्या टक्केवारीत न ठरवता ठरावीक रकमेत ठरवावा, म्हणजे फी वाढवण्यात कंपनीचा थेट स्वार्थ राहणार नाही. शिक्षक विश्वस्त मंडळाच्याच वेतनपटावर असावेत. फीचे हप्ते पाडून देण्याचा आणि निकाल न अडवण्याचा अधिकार मुख्याध्यापकांकडे लेखी असावा. कंपनीची मालकी बदलली तर करार आपोआप संपावा. विश्वस्त मंडळात जुन्यांचे आणि पालकांचे मिळून बहुमत राहावे. आणि हा करार, रकमांसह, शाळेच्या सूचनाफलकावर आणि फी नियमन समितीच्या दप्तरी दोन्हीकडे असावा. ज्या कंपनीला खरोखर शाळा चालवायची आहे तिला यातली एकही अट जड जाऊ नये.

आमच्या गटात दोन सनदी लेखापाल, एक वकील आणि बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी आहेत. आपल्यापैकी कोणत्याही मंडळाला आलेला प्रस्ताव वाचून त्यातील आकडे आणि अटी समजावून सांगण्याचे काम ते विनामूल्य करतील. आपल्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय असेल तर सभेपूर्वी आम्हाला अर्धा तास द्यावा. पुढील वर्षाची प्रवेशप्रक्रिया दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होईल; त्याआधी आपला निर्णय पालकांना लेखी कळावा, अशी आमची अपेक्षा आहे.

कळावे,

आपला,
एक पालक, बडोदे
(सोबतच्या पालकांच्या वतीने)